कामावर झोपणारी चिप

३ मार्च २०१९, आंधळगाव
शुगरमुळे बाबांच्या बोटांना धागा कळेनासा झालाय. हवा कोरडी पडली की कोसा रेशमाच्या उभ्या धाग्यांचा ताणा कडक होतो, तुटतो. आधी नुसतं बोट फिरवून ओळखायचे. आज अकरा धागे तुटले. हा ताणा संपला की माग सोडतो म्हणाले. हवेतला ओलावा मोजून पीं करणारं काहीतरी करते. शाळेत पोरांना असली यंत्रं जोडायला शिकवते, मग घरी का नाही?

९ मार्च
घरात वायफायवाली चिप होती, तीच लावली. चार दिवसांत सेल ठार. वायर ओढू म्हटलं तर मागात पाय अडकतो, बाबा नको म्हणाले. बरोबरच आहे.

१० मार्च
झोपाळू चिप हवी. एटीटायनी नावाची आठ पायांची चिमुकली चिप नक्की केली. नुसती चिप, बोर्ड नको. बोर्डावरचा दिवाच सेल खातो. दहा मिनिटं झोप, क्षणभर जाग, हवा बघून परत झोप. नागपूरहून मागवली.

१९ मार्च
जमलं! झोपेत फक्त सात मायक्रोअँपिअर वीज खाते. हिशेबाने सेल वर्षभर जावा. बाबांना हौसेनं सांगितलं, ही बहुतेक वेळ झोपलेली असते. तोंडच उतरलं त्यांचं.
"कामाच्या येळी झोपते? असा गडी कोन ठेवते?"

२७ मार्च
आठ दिवसांत सेल खलास. कोड तीनदा वाचला. चिप चुकली की मी?

२८ मार्च
रजा टाकून मागाच्या खोलीत बसले. चोर सापडला. बाबा थोडं विणतात आणि बटण दाबतात! बटण दाबलं की चिप दहा मिनिटं दिवा लावून जागी राहते, ही सोय चाचणीसाठी मीच ठेवलेली.
"मी जागून राहिलो, अन् ते झोपून राहते?"
आधी मी चिडले, मग हसू आवरेना. आईच्या माहेरी झाडांवर कोशाचे किडे पाळायचे; कात टाकण्याआधी ते झोपतात. तिनेच निकाल लावला, "किडा झोपला का आमी झाडाले हातबी नाई लावत होतो. झोपू द्या तिले."
बाबा मागावर जाऊन बसले. बटण मी तरीही काढून टाकलं.

१२ एप्रिल
सेल अजून भरलेला. दुपारी दोनदा पीं झालं, बाबांनी उठून पाणी शिंपडलं. एकच धागा तुटला. जुना ताणा आज संपला. जेवताना म्हणाले, "नवा ताणा लावू का मंग?" जन्मात मला काही विचारलं नव्हतं त्यांनी. लावा म्हटलं. माझा सेलचा हिशेब कागदावरचा, आणि कोरडा मे अजून यायचाय.