चेटकिणीची पानं

लबाड नातीस,
आजीचे आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

माझ्या गुडघ्यांना शेक द्यायला येणाऱ्या नर्सबाई हे पत्र लिहून घेतायत. हॉस्टेलला जाताना तू मला वाचून दाखवलेली ती ड्रॅगनची जाडजूड कादंबरी इथेच ठेवून गेलीस. मला पुन्हा ऐकायची होती, म्हणून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

तुला तलवारी आणि राजपुत्र आवडतात, मला ती दात पडलेली चेटकीण. तू वाचत होतीस तेव्हा मध्येच मी विचारलं होतं, "म्हातारी कुठे गेली गं?" तू म्हणालीस, "मेली, आजी. पुढे ऐक." मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

ती मेलीच नव्हती. शेवटच्या पानापर्यंत ठणठणीत आहे, ड्रॅगनचा कान धरून त्याला खाली बसवते. तुला कंटाळा येतो म्हणून तू तिची पानंच्या पानं गाळलीस. मला अक्षर येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नर्सबाई म्हणाल्या, "टपालात टाकते." मी नको म्हटलं. पत्र चेटकिणीच्या पानांत ठेवायला सांगितलंय. ती पानं तू उघडत नाहीस, तेव्हा तिथे ते सुखरूप राहील.

तुझी, अजून न मेलेली,
आजी