वारा आत समोरूनच येतो

आण्णा, तुमच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात आता मी कॉम्प्युटर जोडून विकते. तुम्हाला हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. तुमच्या हयातीत तिथल्या कोपऱ्यात तुमच्या या लेकीचं एकच टेबल होतं आणि तेही तुम्हाला खुपायचं. जी वस्तू तापते ती हलकी, हे तुमचं ठरलेलं मत. पंपाची मोटार तापली की ती बांधणाऱ्याचा उद्धार करायचात आणि माझ्या कॅबिनेटला हात लावूनही तसंच तोंड वाकडं करायचात. प्रोसेसर काम करतो म्हणून तापतो, ती उष्णता फक्त बाहेर काढायला हवी, असं मी कितीदा सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत. आजही सांगते, माझंच बरोबर होतं.

ती खंडेनवमी आठवते. उद्यमनगरातली सगळी दुकानं धुऊनपुसून झालेली, लेथला झेंडूच्या माळा, आणि तुम्ही हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेका यंत्रासमोर थांबताय. माझं मशीन चालू आहे. तुम्ही चिमूटभर कुंकू घेता आणि थेट पुढच्या जाळीवर सोडता, जिथून पंखा वारा आत ओढतो. मी सगळ्यांसमोर ओरडले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "देवाचं कुंकू लावल्यावर मशीन बिघडती व्हय गं? माझ्या मोटारींना कधी काय झालं न्हाय." तुमच्या मोटारी बंद होत्या, मी म्हणाले. पाहुणे हसले आणि तुम्ही ताट खाली ठेवलंत. दुपारी पंखा सोडवून बघते तर आतल्या पात्यांवर लाल थर. तुम्ही वायंडिंग झाडायचा तुमचा मऊ ब्रश माझ्यापुढे टाकलात आणि जेवायला निघून गेलात. तो ब्रश मी अजून वापरते. पण पुढच्या जाळीला कुंकू आजही लावू देत नाही, बाजूच्या पत्र्यावर लावते.

आज एका कंपनीचा माणूस आला होता. एजन्सी देतो म्हणाला, अट एवढीच की त्यांची तयार मशीनच ठेवायची, जुनी दुरुस्तीला घ्यायची नाहीत. त्यांचं कॅबिनेट पुढून अख्खी काच, आत रंगीबेरंगी दिवे आणि वर प्रोसेसर गार ठेवायला पाण्याचा कूलर. वारा आत कुठून जाणार, मी विचारलं. तर म्हणतो, "मॅडम, गिऱ्हाईक दिवं बघतंय, वारा न्हाय." रॅमचे भाव सध्या असे चढलेत की नेसरीकडच्या खेड्यांतून शिकायला आलेली पोरं नुसती किंमत विचारून परत फिरतात. त्यांना मी सांगते, आत्ता नवं घेऊ नका, घरातलं जुनं आणा, धूळ काढून, प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलून देते, शिक्षण होईपर्यंत चालेल. त्याच पोरांना मी कोल्हापूरच्या उन्हाळ्यात काचेची बंद पेटी विकू? नाही म्हणून सांगितलं. एजन्सी आता समोरच्या दुकानाला जाईल आणि दिवाळीची गर्दीही तिकडेच. आपलं दुकान टिकेल का, खरंच माहीत नाही. पण ती पेटी इथे येणार नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, त्याला शहाणपण शिकवू नये. आपलं कडाक्याचं वाजलं असतं आणि मी हटले नसते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. तो माणूस गेल्यावर नवरा म्हणाला, बरोबर केलंस. शेजारचे लेथवालेही येऊन म्हणाले, "ताई, बरोबर केलासा." सगळ्यांनी बरोबर म्हटलं आणि मला रडू आलं. मला चुकलीस म्हणणारं आता कुणी उरलं नाही, आण्णा.