आबांच्या इंजिनाच्या तीन कॅपा

१९ सप्टें., शुक्र.
आज आबांच्या ट्रॅक्टरचं इंजिन तळापर्यंत उघडलं. वडील गेल्यापासून बारा वर्षं ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडात बंद उभा होता. रिटायर झाल्यावर हाच उद्योग करायचा हे ठरलेलंच होतं. स्पॅनर कसा धरतात तेसुद्धा आत्ता शिकतोय. बाळापूरचे गणपत मिस्त्री शिकवतात. पिस्टनचे तीन रॉड, त्यांना खालून आवळणाऱ्या तीन कॅपा. प्रत्येक कॅप आपल्याच रॉडला बसते, दुसऱ्याला चालत नाही. जाताना मिस्त्री म्हणाले, "पंच मारून ठिवा, न्हाईतर घोळ व्हईल."
आबांच्या इंजिनावर पंच ठोकून खुणेचे घाव घालायला हात धजेना. गेरू कालवला. एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. आमच्या मेंढ्या अशाच ओळखू येतात, कॅपा का नाही येणार?

२४, बुध.
बाळापूरला गेलो होतो. मिस्त्रींच्या दारात अगदी ह्याच मॉडेलचं इंजिन उघडं पडलंय. गिऱ्हाइकाचं आहे म्हणतात. मग आपल्याला आधी कधी बोलले कसे नाहीत? मजुरीचं विचारलं की "बघू नंतर" म्हणतात. इतका सरळ माणूस मला बरा वाटत नाही. तीस वर्षं कंडक्टरकी केली. खिडकीबाहेर बघत बसणाराच बिनतिकिटाचा निघायचा.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
नवीन बेअरिंग आणायला कळमनुरीला गेलो. परत आलो तर आमच्या हिने, मंदाने, पूजा मांडून ठेवलेली. कोयता, विळे, पाने, इंजिनाचे सुटे भाग, सगळ्यांना हळदकुंकू. मीही नमस्कार केला. बोलता बोलता म्हणाली, मिस्त्री येऊन गेले. अर्धा तास शेडात होते. मी घरी नसताना?

३, शुक्र.
कॅपा बसवायला घेतल्या. एकीवरही गेरू नाही! तिन्ही लख्ख. आठवेल तशा लावून आवळल्या तर क्रँक, इंजिनाचा फिरता दांडा, हलेना. मिस्त्रींना बोलावून घेतलं.
"पंच काहून न्हाई मारला?"
"गेरू लावला होता."
"मंग कुठंय?"
"तेच तुम्हाला विचारतोय. परवा मी नसताना अर्धा तास काय करत होतात? ह्या कॅपा माझ्या नाहीत. बदलल्यात."
बोलून गेलो. मिस्त्रींनी हात पुसले. "तुमची वाट बघून राहिलो होतो, कंडक्टरसाहेब," एवढंच बोलले. चहा तसाच ठेवून निघून गेले. बरं झालं, वेळीच पकडला, असं वाटत होतं. जेवण मात्र गेलं नाही.

४, शनि.
मंदाला सगळं सांगितलं, जरा ऐटीतच. तिने कपाळावर हात मारला.
"अवं, त्या कॅपा मीच धुतल्या! चिंच लावून घासल्या. पूजा काय घाणीची करायची का?"
"आणि गेरू?"
"तो गेरू व्हता व्हय? मला वाटलं गंज हाय."
पाटावर सुंदर दिसाव्यात म्हणून ओळीने मांडल्याही तिनेच. दिवसभर शेडात गेलो नाही. तोंड दाखवायला जागा नाही. मिस्त्री सत्तरीचे. आबांनी ट्रॅक्टर चालवला तो त्यांच्याच दुरुस्तीच्या भरवशावर.

५, रवि.
बाळापूर. मिस्त्री दारातल्या इंजिनापाशीच बसलेले. आधी पावसापाण्याचं, मग सोयाबीनचं. मग एकदाचं तोंडातून निघालं, "चुकलं माझं. बायकोनं धुतल्या होत्या." ते मान खाली घालून काम करत राहिले. "मंगळवारी येतो," म्हणाले.
खरं लिहायचं तर, माफी मागता मागता मी त्या इंजिनाच्या कॅपा मोजल्या. तीन होत्या. तिन्हींवर पंचाच्या खुणा, म्हणजे त्या माझ्या नव्हेत.

७, मंगळ.
आले. एकेक कॅप प्रत्येक रॉडला लावून जोडावरून नख फिरवत गेले. नख अडलं की काढायची, दुसरी लावायची. दोन तासांत तिन्हींची घरं सापडली. मग पंच माझ्या हातात दिला. मी तिन्हींवर मारला. क्रँक हाताने फिरवला, अलगद फिरला. आबा हवे होते. मिस्त्रींकडे बघून हसलो. ते हसले नाहीत.
निघताना त्यांनी स्वतःहून पिशवी माझ्यासमोर पोत्यावर उपडी केली. पाने, घासकागद, चष्म्याचं घर, फडक्यात अर्धी भाकर. खिसेही उलटे केले.
"बघून घ्या."
"राहू द्या हो मिस्त्री, काहून लाजवता?" मी म्हणालो. पण म्हणेपर्यंत माझी नजर सगळ्या वस्तूंवरून फिरून आली होती. त्यांनी ते बघितलं. फार शरम वाटली.
एकेक वस्तू शांतपणे परत भरली आणि गेले. उद्या इंजिनाचं वरचं झाकण, हेड, बसवायचं आहे. येतो म्हणाले नाहीत. मलाही विचारवलं नाही.