साखर मोजणारं खेळणं

३ मार्च
आलं एकदाचं! वॉर्डात आता साखर मोजायचं खेळणं. बोटाला टोचा, थेंब लावा, पाच सेकंदांत आकडा. कंपनीचा माणूस टाय लावून आला होता — "मॅडम, लॅबची गरजच उरणार नाही!" बावीस वर्षं ही लॅब सांभाळतेय मी. म्हटलं, तुझी गरज किती दिवस उरते ते बघ आधी.

वन्सं मात्र खूश. माझी नणंद खालच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर — घरीही तीच, इथेही तीच. नशीब माझं!

४ मार्च
एकाच बोटाला दोनदा टोचलं, दोन वेगळे आकडे. हसून हसून पोट दुखलं.

७ मार्च
बारा पेशंटचे आकडे लॅबशी ताडून पाहिले. बाराच्या बारा खेळण्यावर जास्त! कुठे चाळीसने, कुठे सत्तरने. चुकायचं तर निदान दोन्ही बाजूंनी चुकावं!

वन्संचं भलतंच — "वहिनी, आठला काढलेलं रक्त एक वाजेपर्यंत टोपलीत पडून असतं. आधी ते बघा." टोपली मीच सुरू केली. सगळ्या नळ्या एकदम वर येतात, शिपायांच्या खेपा वाचतात. पडून राहिलेल्या रक्तातली साखर घटते, हे आता सिस्टर मला शिकवणार! घटते, पाच-दहाने. सत्तरने नाही.

९ मार्च
अहवाल दिला — यंत्र विश्वसनीय नाही. खेळणं कपाटात! सात नंबरच्या खाटेवरच्या ड्रॉइंग मास्तरांचं इन्सुलिन डॉक्टरांनी माझ्या आकड्यावर कमी केलं. वन्संचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. रात्री जेवताना एक शब्द नाही. असली शांतता रोज मिळो.

११ मार्च
मास्तर दुपारी बेशुद्ध झाले. वन्सं स्वतः नळी घेऊन धापा टाकत वर आल्या. "आत्ता लावा. माझ्यासमोर."

लावली. चारशे अठ्ठ्याऐंशी. टोपलीतून आलेली सकाळची — तीनशे बारा. म्हटलं, मधल्या वेळात वाढली असेल. त्या आकडा लिहून घेऊन तडक खाली गेल्या. तोरा तर बघा!

१२ मार्च
उगाच शंका नको म्हणून एका पेशंटच्या एकाच वेळी काढलेल्या रक्ताच्या दोन नळ्या घेतल्या. एक लगेच मशीनला लावली, दुसरी टोपलीत ठेवली. आठला दोनशे अडुसष्ट. एकला एकशे अठ्ठ्याण्णव. कपाटातून खेळणं काढून आठलाच लावलं होतं — दोनशे एकाहत्तर.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

१३ मार्च
वॉर्डात गेले. मास्तर शुद्धीवर आलेत, वन्सं त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. सगळं सांगितलं — टोपली, नळ्या, माझा अहवाल. वन्संनी वर न पाहता पुढचा चमचा मास्तरांच्या ओठांना लावला.

"मला काय सांगता वहिनी? यांना सांगा."