फळीवरचे गिलास

लातूर, गुरुवार, संध्याकाळ

क्लासवाल्यांनी भंगारात काढलेले पाच कॉम्प्युटर मी घरातल्या भिंतीला लावलेल्या लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवले आणि आज पाचांना मिळून एकच गणित सोडवायला लावलं. पंखे फिरले, रॅक थरथरला आणि त्याच भिंतीच्या फळीवरचे गिलास खणखणले.

भूकंपापासून आई ते स्टीलचे गिलास रचून ठेवते. वाजले की बाहेर पळायचं. मला हे माहीत होतं. मग रॅक त्याच भिंतीला का लावला?

आई अनवाणी अंगणात पळाली. "आक्के, ऊठ, बाहेर ये," म्हणत राहिली. आक्का, माझी थोरली बहीण, त्या भूकंपातच भिंतीखाली गेली.

मी सगळं बंद केलं. गिलास गप्प झाले. आई मात्र आत येईना.

"आक्का अजून आतच हाय," म्हणते.