भाड्यावर फिरलेली गाडी

१४ ऑक्टोबर

चि. बाळ्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही तिघंही बरे असणार, कारण तुमच्याकडे काही दुखलंखुपलं की तुझा फोन येतो आणि तो बऱ्याच दिवसांत आलेला नाही.

तुझा मेसेज मिळाला. तुझ्याकडून एवढं लांबलचक काही आलेलं पाहून आधी वाटलं, कुणी आजारी आहे की काय. वाचल्यावर कळलं, गाडी घ्यायची आहे. उत्तर फोनवर दिलं असतं, पण मी दोन वाक्यं बोलले की तू "हो हो, नंतर बोलू" म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून लिहिते आहे.

तू विचारतोस, आमच्या कंपनीसारख्यांनी भाड्यावर फिरवून झालेली गाडी विकत घ्यावी का. माणूस बरोबर निवडलास. इतकी वर्षं मी या काउंटरवर बसून गाड्या देते आणि परत घेते, तेव्हा त्यातलं मला कळतं एवढं तरी तू मानतोस, हे वाचून बरं वाटलं.

तर ऐक. वरून बघशील तर आमची गाडी कुठल्याही घरातल्या गाडीपेक्षा चांगली दिसते. धुतलेली, पुसलेली, तेलपाणी वेळच्या वेळी. त्यात कंपनी कुचराई करत नाही, कारण गाडी उभी राहिली की धंदा बसतो. पण चालवणारे बघ कोण असतात. आज लग्नाला निघालेलं टोळकं, उद्या एखादा विक्रेता, परवा नुकतंच लायसन्स मिळालेला कुणीतरी शहाणा. गार इंजिन पळवायचं, क्लचवर पाय टाकून निवांत बसायचं, खड्डा दिसला तरी ब्रेक मारायचा नाही. "आपली थोडीच आहे" हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकते आणि हसते, पगार त्याचाच मिळतो. अशा गाडीची वाट एक माणूस लावत नाही. जो तो थोडीथोडी लावतो, टाकी भरतो आणि थँक्यू म्हणून चावी टेबलावर ठेवतो. विकायच्या वेळी आम्ही तिला पॉलिश करतो. आत काय झिजलंय ते घेणाऱ्याला दुसऱ्या पावसाळ्यात कळतं.

तेव्हा माझं मत विचारशील तर घेऊ नकोस.

आणि एक. गाडी कशाला हवी ते तू सविस्तर लिहिलंयस. मुलाचे क्लास, रविवारी बाहेर जाणं, सासूबाईंना देवळात नेणं-आणणं. मी दोनदा वाचलं, म्हटलं एखादं नाव नजरेतून सुटलं असेल. नव्हतंच.

बाबा गेले तेव्हा तू आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभा होतास. म्हणालास, "ताई, आईला आता बसमध्ये चढवत नाही आणि माझ्याकडे गाडी नाही. गाडी घेतली की पहिली तिला नेतो. तोवर तुझ्याकडे राहू दे." तुला आठवत नसेल. आईला शब्दन् शब्द पाठ आहे. शेजारणीला सांगते, इस्त्रीवाल्याला सांगते, परवा गॅसवाल्याला दारात थांबवून सांगितलं की माझा बाळ गाडीसाठी पै पै साठवतोय. इतकी वर्षं तू गाडी घेतली नाहीस याचं तिला वाईट वाटतं, बिचारा किती ओढगस्तीत आहे म्हणून. मला वाटतं तू हुशार आहेस.

तुझा मेसेज तिने मला मोठ्याने वाचायला लावला. वाचला. बाकी इकडे विशेष काही नाही. मुलाला पापा.

तुझी,
ताई


६ नोव्हेंबर

चि. बाळ्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. "ताई, तू प्रत्येक गोष्टीत आईला का आणतेस" असं लिहिलंयस. शिवाय तिला तिकडची सवय झाली आहे, या वयात जागा बदलली की माणसं खचतात, आणि तुझ्या बायकोची पाठ धरते. पाठीचं वाचून वाईट वाटलं. तिला शेक घ्यायला सांग.

मागच्या पत्रातलं मत मी मागे घेते. गाडी घे.

एकदम काय झालं म्हणशील. काही नाही. चांगली गाडी आली. राखाडी रंगाची आहे. एका दातांच्या डॉक्टरांनी ती वर्षाच्या करारावर घेतली होती, मग दुसरं वर्ष, मग तिसरं. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागलेलाच नाही. म्हातारा मांडीवरच्या भांड्यातलं दूध सांडू नये अशा बेताने गाडी चालवायचा. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा स्वतः येऊन चावी देऊन गेला, आणि जाताना बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. आमच्याकडे अशी गाडी क्वचित निघते आणि निघाली तर साहेबांच्या मेव्हण्याकडे जाते. मी साहेबांशी भांडून ती तुझ्यासाठी अडवली आहे.

वर्कशॉपातल्या मामांना खालून वरून बघायला लावली. टायर बदलून घेतले, बॅटरी नवी टाकली. मामा म्हणाले, "बाई, एवढं तर लोक स्वतःच्या गाडीचं करत नाहीत." मी म्हटलं, धाकट्या भावाची आहे. मामांचे डोळे भरून आले, फार साधा माणूस.

या गाडीत खोट नाही. तुला हे पटणार नाही, तू मला ओळखतोस. हवा तर तुझा मेकॅनिक आणून तपास. रस्त्यात बंद पडली, गिअर अडकला, दुरुस्तीला टाकली आहे, यातलं काही तुला म्हणता येऊ नये एवढीच काळजी मी घेतली आहे.

कागद सोबत पाठवते, फुलीच्या जागी सह्या कर. तू इकडे यायची गरज नाही. तशी तुझी सवयही मोडली आहे. आमचा ड्रायव्हर गाडी दारात आणून देईल.

आईने माळ्यावरची बॅग काढायला लावली. का ते मला विचारू नकोस. कपडे घड्या करून भरते, दुपारी सगळे बाहेर काढते, पुन्हा भरते. तुला तिच्याशी फोनवर बोलायचं असेल तर बोल, मी तिच्या चांगल्या कानाला फोन लावून धरीन. काय बोलायचं ते तू ठरव.

ताई


२९ नोव्हेंबर

चि. बाळ्या,

आशीर्वाद. पत्र हातात आहे म्हणजे गाडी पोचली. रंग फोटोत होता तसाच आहे ना? फोन तू केला नाहीसच. सह्या मात्र झटपट केल्यास.

ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की आधी पत्र द्यायचं, मग चावी. घाईचा माणूस तू, तरी हे पुरतं वाच. तुझ्या बायकोला काय आहे म्हणून विचारू दे, मुलाला गाडीभोवती नाचू दे. तू वाच.

मागच्या सीटवर आई आहे.

काचेतून तुझ्याकडे बघत असेल. तिला वाटतंय, पत्रात मी तुला तिच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आहेत. त्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. तुझा पहिला मेसेज मी तिला वाचून दाखवला ना, त्यात शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं होतं, "गाडी आली की आईला न्यायचंय." तिने पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. तिच्या कानाला फोन धरीन म्हणून मी लिहिलं, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत तू एक फोन करून ते खोटं पाडू शकला असतास.

आमच्याकडे गाडी देताना फेरी मारतात. गिऱ्हाईक आणि मी गाडीभोवती एक चक्कर मारायची, आधीचा प्रत्येक पोचा, प्रत्येक ओरखडा मी बोट लावून दाखवायचा, त्याने मान डोलवायची. त्यानंतर जे निघेल ते त्याचं. गाडीवर काही नाही, मी तीनदा बघितलं. आईची फेरी मारते, मान डोलव.

डावा गुडघा वाकत नाही. उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण तुझं नाव निघालं की येतं. रात्रीची उठते आणि हाक मारते. हाक तुला असते आणि उठायचं मला असतं, निदान तेवढा घोळ आता मिटला. अंथरूण कधीकधी ओलं होतं. त्यावर बोलायचं नाही. मी बोलून बघितलं, काही उपयोग होत नाही. भाजीत मीठ कमी म्हणते, मग जास्त म्हणते, मग तुझी बायको किती छान करते ते सांगते. तिच्या हातचं आई एकदाच जेवली आहे, तरी.

उजव्या दंडावर डाग आहेत, निळे होते ते आता पिवळट झालेत. तुझी बायको पहिल्यांदा अंघोळ घालेल तेव्हा तिला दिसतीलच, म्हणून आधी सांगते. शेजारणीला मी सांगितलं की न्हाणीघरात पडत होती, धरली. तसं नाही. ती खुर्चीतून उठत होती, दाराकडे जायचं होतं, तू आलास असं तिला वाटलं. मी बसवलं. पुन्हा उठली, पुन्हा बसवलं. मग दाबून बसवलं आणि हात काढला नाही. बाळ्या, मला ते चालू असताना बरं वाटत होतं. नंतर ती दंड चोळत एवढंच म्हणाली, "बाळ गाडी घेऊन आला की जाईनच मी, तुला त्रास नको." ती नोव्हेंबरची दोन तारीख. दुसऱ्या दिवशी मी ती गाडी तुझ्यासाठी अडवली आणि सहा तारखेला तुला घे म्हणून लिहिलं.

तू म्हणशील, ताई, आधी का नाही सांगितलंस. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. एखादं मलम कुरिअरने पाठवलं असतंस.

ही जागा मी सोडली आहे. बदली मागून घेतली होती, मिळाली. कुठल्या शाखेत ते लिहीत नाही. घरमालकाला आज चावी दिली, तेव्हा ड्रायव्हरबरोबर तिला परत धाडायचा विचार मनात आला असेल तर इथे दुसऱ्या कुणाचं तरी सामान लागलेलं असेल. माझा फोन नंबर तोच आहे. तू केलास तर मी म्हणेन, हो हो, नंतर बोलू.

निघायचं म्हणून ती सकाळपासून खूश आहे. नवे टायर आहेत म्हणून सांगितलं तर म्हणाली, बाळने माझ्यासाठी घातले असतील. आता तू कुठे राहशील, हे तिने मला विचारलेलं नाही. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यात उभी राहीन. ती मान वळवणार नाही, पुढे बघत असेल, तुझ्या गावाच्या दिशेने.

आणखी थोडंच. चालत्या गाडीचं दार उघडायची तिला खोड आहे, म्हणून मागच्या दाराला लहान मुलांचं लॉक लावून दिलंय. ते आतून उघडत नाही. ड्रायव्हरला हात लावू नको म्हणून बजावलंय. म्हणजे ते तुलाच उघडावं लागेल, आणि तू ते उघडेपर्यंत ती हसतच बसेल, तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

उतरताना तिला दोन्ही हात द्यावे लागतात. पत्र खाली ठेव.

आजपासून तुझ्या आईची कोणी नसलेली,
ताई