लोणच्याचं खारं पाणी

खोडद, बुधवार, १४ मे २००३

परसातल्या खताच्या टाकीतली गांडुळं मेली, सगळी. सासूबाईंनी माहेराहून ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर धरून आणलेली. आज टाकीशी बसून मलाच म्हणाल्या, "माझ्याच हातनं मेली गं. शेण ताजं व्हतं, नीट निवू दिलं न्हाई मी."

शेण चांगलं निवलेलं होतं. काल कैरीच्या फोडींना सुटलेलं खारं पाणी मीच त्या टाकीत ओतलं. उकिरड्यापर्यंत जायचा कंटाळा, दुसरं काय! खारं पाणी, आणि तेही गांडुळांवर. ओठांवर आलं होतं. का नाही बोलले?

जेवताना त्यांनीच माझ्या ताटात नवं लोणचं वाढलं. म्हणाल्या, "खाऊन बघ, औंदा मीठ बरोबर पडलंय."